ऋतू, विटाळ, पाळी : बदलाला दोष मानण्याचा इतिहास

अंबरनाथच्या पूर्वेला पालेगाव आहे. जुने गावठाण, त्याच्या भोवती अलीकडच्या काळात उभ्या राहिलेल्या उंच इमारती आणि जवळच औद्योगिक वसाहत, असे त्याचे आजचे रूप. आम्ही दोघी इथे राहतो आणि मराठी शिकवतो. एम. ए.च्या वर्गाला आम्ही दरवर्षी एक छोटे काम देतो. घरात, विशेषतः आजीच्या तोंडी असलेले, पण पाठ्यपुस्तकात न भेटणारे शब्द गोळा करून आणायचे. शेतीची अवजारे, भाकरीचे प्रकार, नाती, शिव्या असे विषय मुले निवडतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, पाळीचे शब्द चालतील?” वर्ग क्षणभर गप्प झाला. आम्हीही झालो, हे कबूल करायला हवे. मग म्हटले, “चालतील.”

तिने आणि तिच्या मैत्रिणींनी आणलेली यादी आजही आमच्याजवळ आहे. कावळा शिवला, बाहेरची झाली, दूर बसली, शिवायचे नाही, विटाळशी, अडचण, चार दिवस, महिना, पाळी. पहिल्या वेळेसाठी न्हाण आले, पदर आला, शहाणी झाली. आणि शहरी घरांतून आलेले एमसी, डेट, पिरियड, प्रॉब्लेम. यादीवर वर्गात चर्चा झाली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द बाई कुठे बसते, तिला कोण शिवते, ती किती दिवस कामातून वगळली जाते, हे सांगतो. शरीराच्या आत काय घडते हे सांगणारा शब्द एकही नव्हता. आतल्या अवयवासाठी बोलीत एकच नाव सापडले, ‘पिशवी’. पिशवी म्हणजे भरायची किंवा रिकामी करायची वस्तू. तिला स्वतःची हालचाल नसते.

हा लेख त्या यादीतून सुचला. स्त्रीच्या जननमार्गात महिनाभर जे बदल होतात, त्यांच्याकडे आपण, म्हणजे शास्त्रकारांनी, वैद्यांनी, सुधारकांनी, सरकारने आणि बाजाराने, कसे पाहिले याचा हा धावता आढावा आहे. आम्ही वैद्यकाच्या अभ्यासक नाही. परंतु शब्द आणि उपमा हा आमचा विषय आहे, आणि या इतिहासात शब्दांनी व उपमांनी बरेच बरे-वाईट घडवले आहे, असे आम्हाला वाटते.

सोळा रात्री आणि एक कमळ

संस्कृत परंपरेत या घटनेसाठी ‘ऋतू’ हा शब्द आहे. विटाळाच्या शेजारी तो ठेवून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. ऋतू म्हणजे ठरलेला काळ, निसर्गाच्या चक्रातील योग्य वेळ. शेताला ऋतू असतो तसा शरीरालाही असतो, ही कल्पना त्या शब्दात आहे. ज्या काळात गर्भधारणा शक्य होते तो ‘ऋतुकाल’. मनुस्मृतीने तो रक्तस्राव सुरू झाल्यापासून सोळा रात्रींचा मानला आणि त्यातील पहिल्या चार रात्री निषिद्ध ठरवल्या. सुश्रुतसंहितेने तो बारा रात्रींचा सांगितला. सोळांतून चार वजा केल्यास दोन्ही हिशेब जवळ येतात.

सुश्रुताच्या शारीरस्थानात या संदर्भात कमळाची उपमा येते. दिवस मावळला की कमळ मिटते, तसा ऋतुकाल सरला की स्त्रीचा जननमार्ग मिटतो, असा तिचा आशय. उपमा म्हणून ती सुंदर आहेच, पण तिचे महत्त्व वेगळे आहे. या मार्गाचे रूप महिनाभर एकसारखे राहत नाही, तो उघडतो आणि मिटतो, हे तिने मान्य केले आहे. म्हणजे ती बदलाची उपमा आहे.

मात्र आकडेमोड कशासाठी होती, हेही विसरता येत नाही. मनुस्मृतीत सम रात्री पुत्रासाठी आणि विषम रात्री कन्येसाठी सांगितल्या आहेत. अपत्याचे लिंग पुरुषबीजातील गुणसूत्रावर ठरते हे विसाव्या शतकाच्या आरंभी कळले. तोपर्यंत, आणि पुष्कळ घरांत त्यानंतरही, रात्री मोजल्या गेल्या त्या मुलगा व्हावा म्हणून. ऋतू स्त्रीचा, परंतु पंचांग वंशाचे, अशी ही रचना होती. ऋतू हा गोड शब्द ग्रंथात राहिला आणि घराच्या उंबऱ्यावर ‘विटाळ’ हा शब्द राज्य करीत राहिला.

या शब्दाला मराठीत फार पूर्वी प्रश्न विचारला गेला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. चौदाव्या शतकातील सोयराबाईंच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगाचा रोख असा आहे की, ज्यातून प्रत्येक देह उपजतो त्यालाच अपवित्र म्हटले तर पवित्र देह उरतो तरी कोणता? सोयराबाई जातीच्या विटाळाबद्दल बोलतात की बाईच्या, असा वाद अभ्यासक घालतात. आम्हाला वाटते की दोन्ही विटाळ एकाच अंगावर सोसणाऱ्या स्त्रीला असा भेद करण्याची गरज भासली नसावी. आमच्या घरापासून जवळच शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे, अंबरनाथचे शिवमंदिर आहे. त्याचे गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून आत जावे लागते. ‘गाभारा’ हा शब्दही गर्भावरूनच आला आहे. देवाच्या सर्वांत पवित्र जागेला ज्या अवयवाचे नाव दिले, तोच अवयव महिन्यातून चार दिवस आपले काम करतो म्हणून बाईला गाभाऱ्यापासून लांब ठेवले गेले. या विसंगतीकडे वर्गात बोट दाखवले की मुले आधी हसतात आणि मग विचारात पडतात.

आत काय घडते

इतिहास पुढे नेण्यापूर्वी, आज जे निश्चित ठाऊक आहे ते एकदा सलग मांडणे इष्ट. रक्तस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस धरतात. चक्र अठ्ठावीस दिवसांचे म्हणण्याची पद्धत असली तरी चोवीसपासून अडतीस दिवसांपर्यंतचे चक्र स्वाभाविक मानले जाते.

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक अस्तर असते. त्याचे दोन थर असतात. तळाचा थर कायम राहतो. वरचा थर दर महिन्याला नव्याने वाढतो आणि गर्भ न राहिल्यास गळून पडतो. गळण्याचे हे दिवस म्हणजे पाळी. सर्वसाधारणपणे तीस ते चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, इतकेच रक्त त्यात जाते. हे ‘साचलेले’ किंवा ‘घाण’ रक्त नसते. तळाचा थर लगेच डागडुजीला लागतो आणि स्राव पुरता थांबण्याआधीच वरचा पृष्ठभाग पुन्हा सांधला जाऊ लागतो. शरीरातील इतर जखमा व्रण ठेवून भरतात. ही मात्र दर महिन्याला व्रण न ठेवता भरते.

त्यानंतर अंडाशयात वाढणाऱ्या पुटिकेतून ईस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवते आणि सगळा मार्ग बदलू लागतो. एक-दोन मिलिमीटरवर आलेले अस्तर वाढत वाढत कित्येक पटींनी जाड होते. योनीच्या आतल्या त्वचेचे थर वाढतात. त्यांच्या पेशींत साखरेसारखे द्रव्य साठते, त्यावर उपयुक्त जिवाणू जगतात आणि आम्ल तयार करून मार्गाचे रक्षण करतात. गर्भाशयाचे मुख मऊ होते, किंचित वर सरकते, किंचित उघडते. तिथला घट्ट स्राव पातळ, पारदर्शक आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. काचेवर तो वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. गर्भाशयाच्या स्नायूंतून हलक्या लहरी उठतात आणि या दिवसांत त्या मुखाकडून वर जातात, जणू येणाऱ्याला वाट दाखवीत.

मग अंडमोचन होते. अंडनलिकेच्या टोकाची झालर अंडाशयावरून फिरते आणि बीज टिपते. नलिकेच्या आतील सूक्ष्म रोम त्याला पुढे ढकलतात. हे बीज फार तर एक दिवस जिवंत राहते. पुरुषबीज मात्र अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरते. म्हणून गर्भधारणा शक्य असण्याचा काळ अंडमोचनापर्यंतच्या सहा दिवसांचा.

बीज बाहेर पडल्यावर रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि प्रोजेस्टेरॉनचे राज्य सुरू होते. शरीराचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत वाढते. गर्भाशयमुखाचा स्राव पुन्हा घट्ट होऊन वाट बंद करतो. इथे सुश्रुताचे कमळ आठवते. अस्तरातील ग्रंथी नागमोडी होतात, पोषक द्रव्ये स्रवतात, रक्तवाहिन्यांना पीळ पडतात. सुमारे चौदा दिवस वाट पाहून पीतपिंड मावळतो, संप्रेरके घटतात, पिळदार रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर गळू लागते.

हे सारे एवढ्या विस्ताराने सांगितले ते एका कारणासाठी. ‘पिशवी’ या शब्दात यातले काहीच मावत नाही.

निरोगी असण्याचे निदान

हे ज्ञान प्राचीन नाही, फार जुनेही नाही. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक हाती आल्यावरही युरोपातील वैद्यक या बाबतीत चुकले, आणि चुकले ते एका उपमेमुळेच. कुत्रीसारख्या प्राण्यांत माजाच्या काळात रक्त दिसते. स्त्रीची पाळी ही त्याच जातीची घटना, असे अनेक डॉक्टरांनी धरून चालले. त्यावरून गर्भधारणेचा काळ पाळीच्या आगेमागे आणि महिन्याचा मध्य ‘सुरक्षित’, असा निष्कर्ष निघाला. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. मूल नको म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवस मोजणारी जोडपी नको तेच दिवस निवडीत होती.

दुसरी चूक अधिक बोलकी आहे. महिन्याच्या उत्तरार्धात अस्तरातील ग्रंथी फुगलेल्या, नागमोडी दिसतात हे वर आलेच आहे. खरवडून काढलेल्या नमुन्यांत ती स्थिती दिसली की तिला ‘गर्भाशयाच्या अस्तराचा दाह’ हे रोगाचे नाव दिले जाई आणि उपचार केले जात. १९०८ साली व्हिएन्नाच्या हिट्शमान आणि आडलर या दोघा डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक नमुना चक्राच्या कोणत्या दिवसाचा आहे याची नोंद ठेवून ते नमुने त्यांनी क्रमाने मांडले. तेव्हा कळले की ज्याला रोग म्हणत होतो ती पुष्कळदा निरोगी स्त्रीची महिन्यातील एक अवस्था होती. एकच पान फाडून वाचले म्हणून अर्थ चुकला होता. सगळी पाने ओळीने लावल्यावर कथा उलगडली. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत परिचित वाटेल. संदर्भ तोडून वाचलेली ओळ काहीही सांगू शकते.

पुढे जपानमधील ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियातील क्नाउस यांनी त्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे सिद्ध केले की, अंडमोचन पुढच्या पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होते. १९४० साली मार्की या संशोधकाने माकडिणीच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात अस्तराचे छोटे तुकडे रुजवले आणि पारदर्शक पटलातून पाळी कशी येते ते प्रत्यक्ष पाहिले. आपल्या आजीच्या तरुणपणी हे सारे नवीन होते, हे ध्यानात ठेवले की पुढचा महाराष्ट्रातला इतिहास नीट वाचता येतो.

ऋतुकालाच्या पाचव्या ते सोळाव्या रात्रीचा हिशेब युरोपीय डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा सत्याच्या जवळ होता, हेही इथे नमूद करायला हवे. त्यावरून ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. जुन्यांनी रक्त पाहिले आणि तिथून पुढे मोजले. बीज कधी सुटते हे त्यांना दिसणे शक्य नव्हते. उत्तर जवळचे आले तरी रीत तीच ठरत नाही, हे गणिताचे शिक्षकही सांगतील.

कल्याण, पुणे, मुंबई

अंबरनाथहून मुंबईकडे निघालेली लोकल तिसऱ्या स्थानकाला कल्याणला पोचते. आनंदीबाई जोशी या कल्याणच्या जोशी घराण्यातल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली एम. डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा, जुन्या ग्रंथांच्या आधाराने. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष चालू होते. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’मुळे ही कहाणी मराठी घरांत पोचली आहे. आम्ही इकडे लक्ष वेधतो ते एका कालगणनेकडे. आनंदीबाई ज्या वर्षी डॉक्टर झाल्या, त्या वर्षी जगातील कोणत्याही वैद्यक महाविद्यालयात त्यांना अंडमोचनाची खरी वेळ शिकवता आली नसती. ज्या शरीराची शिक्षा त्यांनी चौदाव्या वर्षी भोगली, त्या शरीराचे पंचांग अजून लिहिले जायचे होते.

पाचच वर्षांनी तेच पंचांग महाराष्ट्रात राजकीय वादाचा विषय झाले. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला न्यायालयात आला. पतीच्या शरीरसंबंधाने झालेल्या दुखापतीतून तिचा अंत झाला होता. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणारे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले आणि मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. त्या काळात पुण्यात जो वाद रंगला त्याच्या केंद्रस्थानी रजोदर्शन होते. पहिल्या ऋतूच्या वेळी गर्भाधानसंस्कार झालाच पाहिजे, तो शास्त्राचा आदेश आहे आणि कायदा त्यात ढवळाढवळ करतो, असा टिळकांच्या बाजूचा युक्तिवाद. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रग्रंथांचाच आधार घेऊन तसे बंधन नसल्याचे प्रतिपादन केले. आगरकर विवेकाच्या आणि माणुसकीच्या भूमिकेवरून लढले.

आज तो वाद वाचताना जाणवते की दोन्ही पक्ष बहुतांशी पोथीत बोलत होते. पहिले रजोदर्शन म्हणजे शरीर तयार झाल्याची खूण, हे गृहीतक फारसे कुणी तपासत नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे की पहिल्या एक-दोन वर्षांत पुष्कळ मुलींच्या पाळीत अंडमोचनच होत नाही. अस्तर वाढते आणि गळते, पण बीज सुटलेले नसते. शिवाय कंबरेचे हाड पहिल्या पाळीनंतरही काही वर्षे वाढत राहते. ‘न्हाण आले’ म्हणजे शरीराने तालीम सुरू केली, एवढाच अर्थ. आपण मात्र तो नाटकाचा पहिला प्रयोग समजलो. ‘शहाणी झाली’ हा शब्दप्रयोग या संदर्भात वाचला म्हणजे अंगावर येतो.

आतल्या बदलांबद्दल मराठीत उघड आणि शास्त्रीय बोलणे खऱ्या अर्थाने सुरू केले ते र. धों. कर्वे यांनी. १९२१ साली, लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र उघडले त्याच वर्षी, गणिताच्या या प्राध्यापकाने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. १९२३ मध्ये ‘संततिनियमन’ हे पुस्तक आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी काढले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते हे मासिक चालवीत होते. नोकरी गेली, खटले झाले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये जो खटला चालला, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला आणि दंड झाला. पण एक मुद्दा कोर्टात मांडला गेला होता, की शरीराविषयीचे ज्ञान अश्लील ठरवता येत नाही. साहित्याच्या दृष्टीने पाहता कर्व्यांचे मोठे काम भाषेचे आहे. सूचक शब्द टाळून त्यांनी अवयवांना अवयवांच्या नावाने हाक मारली. मराठी गद्यात जननेंद्रिये शिवी आणि श्लेष यांच्या बाहेर, सरळ वाक्यात, आली ती पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे. पुढे शकुंतला परांजपे यांनी हे काम आयुष्यभर केले.

स्वातंत्र्यानंतर दिवस मोजण्याचे काम सरकारने हाती घेतले. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध होता. १९३५-३६ मध्ये वर्ध्याला मार्गारेट सँगर त्यांना भेटल्या तेव्हा, ‘सुरक्षित काळा’च्या पद्धतीत निदान काही दिवस तरी संयम आहे, म्हणून तिच्याकडे ते थोडे मवाळपणे पाहत होते. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर याच विचारांच्या. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने जे प्रयोग झाले ते याच पद्धतीचे होते. दक्षिणेतील रामनगरम आणि दिल्लीतील लोदी वसाहत येथे स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा आणि रंगावरून दिवस ओळखायचा. फार थोड्या जोडप्यांनी ती रीत टिकवली. त्याचे कारण बायकांना मणी मोजता येत नव्हते, असे समजणे अन्यायाचे होईल. प्रत्येकीचे चक्र वेगळे असते, आणि मणी कोणताही असो, ‘आज नको’ हा शब्द घरात चालला पाहिजे. तो कोणत्याही माळेत ओवता येत नाही. पन्नास वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिकेतील एका विद्यापीठाने सुधारलेली मण्यांची माळ आणली. तिच्यात आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे बारा दिवस जपायचे असतात. पुन्हा बाराच.

पिशवी

हा इतिहास इथे संपला असता तर त्याला प्रगतीचा इतिहास म्हणता आले असते. परंतु २०१९ साली बीड जिल्ह्यातून ज्या बातम्या आल्या, त्यांनी तो मार्ग बंद केला. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण विलक्षण असल्याचे दिसून आले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांतल्या अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो आणि हंगामभर कोयता राबतो. एखादा दिवस कामावर न गेल्यास ‘खाडा’ धरतात आणि त्याचा दंड भरावा लागतो. फडात पाणी नाही, आडोसा नाही, झोपडीत न्हाणी नाही. पाळीचे दुखणे, संसर्ग, अंगावरून जाणे हे सारे खाड्याच्या हिशेबात बसते. मग दवाखान्यात सांगितले जाते की पिशवी खराब झाली आहे, मुले तर झालीच आहेत, काढून टाका.

इथे आमच्या विद्यार्थिनीच्या यादीतला तो शब्द परत येतो. मुले झाली की पिशवी रिकामी, आणि रिकाम्या पिशवीचा उपयोग काय? ‘पिशवी’ या उपमेने अर्धे काम आधीच करून ठेवलेले असते. महिन्याच्या मध्याला येणारा ताणदार, पारदर्शक स्राव हा निरोगीपणाची खूण आहे. पण घरोघरी त्याला ‘पांढरे जाणे’ किंवा ‘धुपणी’ या एकाच नावाखाली रोग समजतात. खऱ्या संसर्गाचा स्राव वेगळा असतो आणि त्यावर औषध असते. हा फरक कुणी समजावून सांगितलेला नसतो. व्हिएन्नात १९०८ साली जी चूक दुरुस्त झाली, ती आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही चालू आहे. आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर ऐन तिशीत पाळी जाण्याचे सारे परिणाम, हाडांच्या ठिसूळपणापर्यंत, त्या बाईला उरलेले आयुष्यभर सोसावे लागतात.

शास्त्राने बदलाला विटाळ म्हटले, डॉक्टरांनी रोग म्हटले, मुकादमाने खाडा म्हटले. शब्द तीन, दृष्टी एकच. बाईच्या शरीराने स्थिर राहावे आणि बदलले तर तो तिचा दोष, ही ती दृष्टी.

यादीवर चर्चा झाली त्या दिवशी वर्गाच्या शेवटी आम्ही विचारले होते, या शब्दांतला कोणता ठेवावासा वाटतो? काहींना ऋतू आवडला. ज्या मुलीने यादी आणली होती ती म्हणाली, “पाळी.” कारण विचारल्यावर तिने सांगितले की तिचे वडील औद्योगिक वसाहतीत काम करतात आणि घरात पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द रोजचे आहेत. पाटाच्या पाण्याचीही पाळी असते. पाळी म्हणजे वार, कामाची ठरलेली वेळ. त्यात ना विटाळ, ना अडचण.

आम्हाला तिचे म्हणणे पटले. आधी अस्तर वाढवणारे, मग वाट उघडणारे, मग ती बंद करून वाट पाहणारे आणि शेवटी सगळे आवरून पुन्हा कामाला लागणारे असे ते शरीर खरोखरच पाळ्यांत काम करते. रक्त दिसते ती त्यातली फक्त एक पाळी. उरलेल्या पाळ्यांची नावे मराठीत अजून पाठ्यपुस्तकापुरतीच आहेत. अंडमोचन, पीतपिंड हे शब्द परीक्षेत लिहिले जातात, स्वयंपाकघरात उच्चारले जात नाहीत. ते तिथे पोचवणे हे जसे विज्ञानाच्या शिक्षकांचे काम आहे तसे भाषेच्या शिक्षकांचेही आहे. ज्या बाईजवळ आपल्या शरीराच्या चारही आठवड्यांसाठी शब्द असतील, तिला ‘पिशवी काढून टाका’ असे सांगितले गेले, तर ती निदान एक प्रश्न तरी विचारील.